इंग्रजीचे अव्यय आणि मराठीची विभक्ती

'मुलांचे इंग्रजी सुधारायचे असेल तर घरातली मराठी बंद करा', हा सल्ला अलीकडे आपल्या भागात इतक्या सहजपणे दिला जातो आणि तितक्याच सहजपणे पाळला जातो, की त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या घरांमधून आजी-आजोबा आपसांत मराठी बोलतात आणि नातवंडांकडे वळताच हिंदीवर येतात. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : मराठीमुळे पोरांचे इंग्रजी बिघडते. पुरावा म्हणून पोरांच्या वह्या पुढे केल्या जातात. 'वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर', 'शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर', 'ही इज अँग्री ऑन मी', 'आय अ‍ॅम अफ्रेड फ्रॉम स्नेक्स'. शब्द बरोबर, काळ बरोबर, वाक्याची ठेवण बरोबर; चुकले आहे ते फक्त क्रियेला जोडून येणारे अव्यय. आणि ते मराठीने चुकवले, असा आरोप आहे. आरोप गंभीर म्हटला पाहिजे, कारण त्याची शिक्षा एका भाषेला तिच्याच घरातून हद्दपार करण्याची आहे. तेव्हा शिक्षा अमलात येण्यापूर्वी साक्षीपुरावा तपासणे भाग आहे.

इंग्रजीतला हा भाग अवघड आहे, हे आधी मान्य करू. पण तो अवघड का झाला, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजीतही आपल्यासारख्याच विभक्ती होत्या. नामाच्या शेवटी लागणाऱ्या प्रत्ययांवरून कर्म कोणते, कोणाला दिले, कोणाचे आहे, हे कळत असे. पुढे काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमाने व नामाच्या आधी येणाऱ्या अव्ययांनी उचलले. आपल्याकडे 'ला', 'ने', 'शी', 'हून', 'चा' हे प्रत्यय आणि 'वर', 'कडे', 'साठी' ही शब्दयोगी अव्यये नामाच्या पाठीशी राहून जे काम करतात, तेच इंग्रजीतली 'टू', 'विथ', 'फ्रॉम', 'ऑफ', 'ऑन' ही मंडळी नामाच्या पुढे उभी राहून करतात. जागा बदलली, काम तेच राहिले.

कोणत्या क्रियापदाने कोणते अव्यय मागावे, हे पुष्कळदा रूढी ठरवते. इंग्रज 'प्रोटेस्ट अगेन्स्ट' म्हणतो, अमेरिकन तेथले 'अगेन्स्ट' बिनदिक्कत गाळतो. पण रूढी काय मराठीत नाही? आपण 'वाघाला भितो', पण आपल्याला 'वाघाची भीती वाटते'. आपण मुलावर 'रागावतो', पण आपल्याला मुलाचा 'राग येतो'. हे कोणी आपल्याला तक्ते लावून शिकवले नाही. ज्या मुलाच्या कानावर घरात सकस मराठी पडते, त्याला एक गोष्ट न सांगता कळलेली असते : प्रत्येक क्रियापद आपला प्रत्यय मागून घेते आणि प्रत्यय बदलला की संबंध बदलतो. इंग्रजीच्या या प्रकरणात शिकण्याचा पहिला धडा नेमका हाच आहे.

आता वहीतली चार वाक्ये एकेक करून घेऊ. 'अफ्रेड फ्रॉम' हे मराठीचे पाप आहे काय? मराठी माणूस 'सापापासून भीती' म्हणत नाही. तो 'सापाची भीती' म्हणतो. 'ची' म्हणजे 'ऑफ'. मुलाने मराठीतून उचलले असते, तर 'अफ्रेड ऑफ' हे शुद्ध इंग्रजी त्याच्या लेखणीतून आपोआप उतरले असते. 'फ्रॉम' आले ते 'साँप से डर' या हिंदी रचनेतून. दुसरे, 'डिस्कस अबाउट'. ही चूक ज्यांचा मराठीशी किंवा हिंदीशी काहीही संबंध नाही असे विद्यार्थीही करतात, कारण ती इंग्रजीनेच घडवलेली आहे. 'टॉक अबाउट' बरोबर, 'डिस्कशन अबाउट' हेही बरोबर. मग 'डिस्कस'नेच काय घोडे मारले, असे विद्यार्थ्याला वाटते. शिकणाऱ्याच्या चुका केवळ मातृभाषेतून येत नाहीत, त्या त्याने स्वतः बांधलेल्या नियमांतूनही येतात, हे पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ सालीच मांडले आहे. राहिली दोन वाक्ये. 'मॅरीड विथ' हे 'डॉक्टरशी लग्न' यावरून आले असेल, पण ते 'डॉक्टर से शादी' यावरूनही येते. 'अँग्री ऑन' हे 'माझ्यावर रागावणे' यावरून येते, तसेच 'मुझ पर गुस्सा' यावरूनही. म्हणजे चार आरोपांपैकी एक हिंदीकडे जातो, एक इंग्रजीकडे आणि दोन मराठी-हिंदीच्या सामाईक खात्यावर. घरातली मराठी काढून तेथे हिंदी बसवल्याने यातली एकही चूक टळत नाही. उलट, जी चूक मराठीने टळली असती ती मात्र पक्की होते.

हे विधान मी हवेत करीत नाही. हिंदीतल्या एका 'से'चा संसार पाहा. 'चाकू से काटा', 'दोस्त से मिला', 'नागपुर से आया', 'राम से बड़ा', 'गुरुजी से पूछा', 'साँप से डर लगा'. सहा वेगवेगळे संबंध, पण खूण एकच. आता मराठी पाहा. चाकूने कापले, मित्राला भेटला, नागपूरहून आला, रामापेक्षा मोठा, गुरुजींना विचारले, सापाची भीती वाटली. जेथे हिंदीने एकाच खुणेवर भागवले, तेथे मराठीने 'ने', 'ला', 'हून', 'पेक्षा', 'ना', 'ची' अशी वेगवेगळी माणसे नेमली. आणि इंग्रजी? चाकूने तेथे 'विथ', नागपूरहून तेथे 'फ्रॉम', रामापेक्षा तेथे 'दॅन', सापाची तेथे 'ऑफ'. आणि जेथे मराठीत 'ला' किंवा 'ना' आहे, त्या 'मीट' आणि 'आस्क' या दोन्ही क्रियापदांपुढे काहीच नाही. आपल्या बोलीत आपण 'गुरुजीले विचार' म्हणतो. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, नागपुरी मराठी म्हणून जिची नोंद झाली, त्या बोलीतला हा 'ले' प्रमाण मराठीतल्या 'ला'चा सख्खा भाऊ आहे. तेव्हा 'गुरुजीले विचार' म्हणणाऱ्या पोराला गावंढळ ठरवून 'गुरुजी से पूछो' शिकवणारे पालक, त्याला 'आस्क फ्रॉम द टीचर' या अशुद्ध इंग्रजीच्या वाटेला लावीत असतात.

येथे गैरसमज नको. शासकीय सेवेत हयातभर ज्याने हिंदीतून टिपणे लिहिली, त्याला हिंदीचा दुस्वास असण्याचे कारण नाही. हिंदी आपल्या राज्याची भाषा आहे, ती उत्तम आली पाहिजे. हिंदीचा 'से' हिंदीत निर्दोष आहे. ज्याची ती मातृभाषा आहे, तो तिच्यावरून इंग्रजीकडे जाण्याचा आपला रस्ता शोधतोच. माझे म्हणणे इतकेच, की ज्याच्या घरी जास्त बारकाईने संबंध दाखवणारी साधने पिढीजात आहेत, त्याने ती अडगळीत टाकून शेजाऱ्याची साधने उसनी आणावीत, यात शहाणपण कोणते?

मराठीची षष्ठी पाहा. चा विचार करणे – थिंक ऑफ. ची बढाई मारणे – बोस्ट ऑफ. ची आठवण करून देणे – रिमाइंड ऑफ. चा आरोप करणे – अक्यूज ऑफ. ची विल्हेवाट लावणे – डिस्पोज ऑफ. ची काळजी घेणे – टेक केअर ऑफ. चा फायदा घेणे – टेक अ‍ॅडव्हांटेज ऑफ. चा अभिमान, ची लाज, चा कंटाळा, चा हेवा यांच्या इंग्रजी प्रतिशब्दांपुढेही 'ऑफ'च येते. 'प्राउड ऑन' लिहिणारा मुलगा 'पर गर्व' यावरून लिहितो. 'चा अभिमान' ज्याच्या कानात आहे, त्याला ते खटकले असते. हीच गोष्ट 'शी'ची. शी सहमत होणे, शी भांडणे, शी स्पर्धा करणे, शी तुलना करणे, या सर्वांना 'विथ' चालते. आपल्या जुन्या व्याकरणाने 'ने' आणि 'शी' हे दोन्ही प्रत्यय तृतीयेच्या एकाच घरात ठेवले, आणि चाकूने कापणे असो की भावाशी भांडणे असो, इंग्रजीनेही दोहोंकडे 'विथ' हा एकच शब्द पाठवला. 'वर'चेही तसेच. वर विसंबणे – रिलाय ऑन, वर खर्च करणे – स्पेंड ऑन, वर लादणे – इम्पोज ऑन, वर अवलंबून असणे – डिपेंड ऑन. 'अवलंबणे' आणि 'डिपेंड' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी लोंबण्याचीच कल्पना आहे, एक संस्कृतातून आला आणि दुसरा लॅटिनमधून. आणि दोघांनीही आज आपला आधार 'वर' आणि 'ऑन' यातच शोधला आहे.

शाळेत ज्याची सर्वांत जास्त टिंगल होते, त्या द्वितीया आणि चतुर्थीविषयी दोन शब्द. 'स, ला, ते' हे प्रत्यय दोन्हीकडे सारखेच. मग दोन विभक्ती कशाला, असे विद्यार्थी विचारतात, आणि बहुतेक शिक्षक 'पाठ करा' म्हणून पुढे जातात. वास्तविक तेथेच थांबायला हवे. 'रामाला पाहिले' यात राम कर्म आहे. 'रामाला पुस्तक दिले' यात राम संप्रदान आहे, म्हणजे दान ज्याच्याकडे जाते तो. प्रत्यय एक, नाते दोन. इंग्रजीत कर्माला अव्यय लागत नाही, आणि वस्तू आधी सांगून मग ती ज्याच्याकडे जाते तो सांगायचा असेल तर 'टू' लागते. 'आस्क्ड टू हिम' लिहिणारा आणि 'एक्स्प्लेन मी द सम' लिहिणारा, या दोघांचाही घोटाळा याच जागी आहे. पहिल्याने नको तेथे 'टू' घातले, दुसऱ्याने हवे तेथे गाळले. इंग्रजीच्या काही क्रियापदांचे येथे स्वतंत्र हट्ट आहेत. 'गिव्ह' दोन्ही प्रकारे वागते, 'एक्स्प्लेन' ऐकत नाही. पण ज्याला कर्म आणि संप्रदान यांतला भेद कळला, त्याला प्रश्न कोठे आहे हे तरी कळते. ज्याला भेदच माहीत नाही, तो अंदाजपंचे 'टू' फेकत राहतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मराठी सर्वत्र इंग्रजीचे बोट धरून चालते, असा दावा मी करणार नाही. आपण एखाद्यावर विश्वास ठेवतो, इंग्रजी 'बिलीव्ह इन' म्हणते. आपण एखाद्यावर प्रेम करतो, 'लव्ह'ला काहीच लागत नाही. आपण एखाद्याशी साम्य सांगतो, 'रिझेंबल'ला 'विथ' नको. आपण कॉफीपेक्षा चहा पसंत करतो, म्हणून 'प्रिफर'पुढे 'दॅन' घालण्याचा मोह होतो; पण हा शब्द लॅटिन कुळातला, तो 'सीनिअर' आणि 'सुपीरिअर' यांच्यासारखाच 'टू' मागतो. आपली षष्ठीही दर वेळी 'ऑफ' होत नाही. ची वाट पाहणे – वेट फॉर, चा शोध घेणे – सर्च फॉर, ची आशा करणे – होप फॉर. यातही एक ढोबळ खूण सापडते : जे अजून हाती आलेले नाही आणि ज्याची ओढ आहे, तेथे बहुधा 'फॉर' येते. अशा फटी दाखवून देता येतात, ही मराठीची जमेची बाजू आहे. रस्त्यातला खड्डा कोठे आहे हे ज्याला ठाऊक असते, तो त्यात पडत नाही. पण खड्डा दाखवण्यासाठी आधी रस्ता माहीत असावा लागतो. आणि आपण मुलांकडून रस्ताच काढून घेत आहोत.

यावर काहीजण म्हणतात, अव्यय चुकले तर काय आकाश कोसळते? अर्थ समजला म्हणजे झाले. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी कधी अर्ज वाचलेले दिसत नाहीत. 'कलेक्टरांकडे तक्रार' आणि 'कलेक्टरांविरुद्ध तक्रार' यांत किती अंतर आहे, हे सांगायला हवे काय? पहिल्यात 'कंप्लेन टू', दुसऱ्यात 'कंप्लेन अगेन्स्ट'. हिंदीत 'कलेक्टर से शिकायत की' म्हणजे त्यांच्याकडे गाऱ्हाणे नेले आणि 'कलेक्टर से शिकायत है' म्हणजे गाऱ्हाणे त्यांच्याचविषयी आहे. तेथे निवाडा क्रियापदावर सोपवलेला असतो. मराठीत तो 'कडे' आणि 'विरुद्ध' यांनी आधीच झालेला असतो, आणि इंग्रजीतही तसाच. 'अपील टू' म्हणजे ज्याच्याकडे दाद मागायची तो, 'अपील अगेन्स्ट' म्हणजे ज्या आदेशाविरुद्ध मागायची तो. येथे चूक झाली तर अर्जदाराचे नुकसान होते. साधे उदाहरण हवे असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या काठी जावे. पांढुर्ण्याच्या गोटमारीत दगड माणसांवर फेकतात, माणसांकडे फेकत नाहीत. इंग्रजीत झेलण्यासाठी चेंडू टाकला तर 'थ्रो टू' आणि मारण्यासाठी दगड भिरकावला तर 'थ्रो अ‍ॅट'. आपल्या पोराला 'कडे' आणि 'वर' यांतला फरक कळतो, म्हणजे 'टू' आणि 'अ‍ॅट' यांतला फरक निम्मा कळलेलाच आहे. उरलेला निम्मा कोणी तरी दाखवून द्यायचा आहे, इतकेच.

मग शाळांतून काय चालते? क्रियापद आणि त्याचे अव्यय यांच्या लांबच लांब याद्या वर्णानुक्रमे पाठ करवून घेतल्या जातात. याद्या वाईट नाहीत, पण ज्या यादीतल्या दोन शब्दांमध्ये नातेच दिसत नाही, ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरली जाते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांच्या हाताखालून गेली, त्या पिढीला निराळा सराव होता. मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचे, इंग्रजी वाक्य मराठीत आणायचे, आणि कोठे प्रत्यय जुळतो, कोठे फारकत होते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. त्या पद्धतीत बोलणे मागे पडत असे, हा आक्षेप मान्य आहे. पण म्हणून तुलना करणेच टाकून द्यावे, हा कोठला न्याय? जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्न्बी यांनी परभाषक विद्यार्थ्यांसाठी जो कोश केला, तो १९४२ साली तेथे आणि १९४८ साली ऑक्सफर्डतर्फे निघाला. प्रत्येक क्रियापद आपल्यापुढे कशी रचना मागते, हे उदाहरणांसह दाखवणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. आज त्याची सुधारित आवृत्ती सहज मिळते. अर्थ पाहून कोश मिटण्याची सवय मोडली आणि अर्थाखालचे वाक्यही वाचले, तर अर्धे दुखणे तेथेच बरे होते.

खरी चिंता मला वेगळीच वाटते. ज्या मराठीचा मी आधार सांगतो आहे, ती मराठी आपल्या घरांत तरी शाबूत आहे काय? 'मला मदत कर' या जागी 'माझी मदत कर' हे आता आपल्यालाही खटकेनासे झाले आहे. 'त्याच्यावर प्रेम' जाऊन 'त्याच्याशी प्रेम' आले. शब्द मराठी, पण प्रत्ययांची मोडणी हिंदीची. बाहेरून घर उभे दिसावे आणि आतून वासे पोखरलेले असावेत, तशी ही अवस्था आहे. पूर्ण मराठी नाही, पूर्ण हिंदी नाही, आणि ज्याच्यासाठी हे सारे केले ते इंग्रजीही नाही. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, याहून निराळे काय म्हणावे?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस केली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर यांचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. कायदा, धोरण, जिल्हा, दर्जा सारे पदरात पडले; फक्त घरातले बोलणे सुटत चालले. पण घरात आजीने नातवाशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरवणारे कलम कोणत्याही घटनेत असू शकत नाही. ते आपण ठरवायचे आहे.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मी दोन मागण्या ठेवतो. पहिली शिक्षकांसाठी. मुलाच्या वहीत नवे इंग्रजी क्रियापद लिहिताना ते एकटे लिहू नये. त्याच्या अव्ययासह लिहावे आणि शेजारी मराठी क्रियापद त्याच्या प्रत्ययासह लिहावे. 'वेट फॉर – ची वाट पाहणे', 'लाफ अ‍ॅट – ला हसणे', 'मॅरी, काही नाही – शी लग्न करणे'. जेथे जुळते तेथे एक खूण, जेथे जुळत नाही तेथे दुसरी. आपल्या साहित्य संस्थेने सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांसाठी अशा दोनशे क्रियापदांची पुस्तिका तयार करावी. त्याला अनुदान लागत नाही, दोन निवृत्त शिक्षक आणि एक उन्हाळा पुरेसा आहे.

दुसरी मागणी घरांसाठी. नातवंडांशी मराठी बोला, आणि जपून बोला. ते 'माझी मदत कर' म्हणाले, तर रागावू नका. 'मला मदत कर' असे शुद्ध करून आपणच त्याचे उत्तर द्या. इंग्रजी शाळेत शिकवता येते, शिकवणीत शिकवता येते. क्रियापदाला त्याचा प्रत्यय ओळखून देण्याची जी समज त्या इंग्रजीला लागते, ती मात्र मूल शाळेत जाण्यापूर्वीच, घरातल्या बोलण्यातून उचलते. ती घरात मिळाली नाही, तर पुढे कितीही फी भरली तरी बाजारात मिळत नाही.